आचाऱ्याचे वाण

आमच्या प्रयोगशाळेत एका खोलीला सगळे स्वयंपाकघर म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘माध्यम-निर्मिती कक्ष’ असे सुबक अक्षरांत लिहिलेले होते, पण ती पाटी वाचून कोणी आत गेल्याचे आठवत नाही. आत भांडी निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वाफ असे, मोठाली काचेची भांडी असत, एक तराजू, एक खिडकी, आणि या सगळ्याच्या मध्ये बाह्या दुमडून उभे असलेले आचारी. त्यांचे खरे नाव हजेरीपटाला ठाऊक होते. विभागप्रमुख बाईंपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत बाकी सर्वांसाठी ते आचारीच होते. त्यांच्याकडे जेवायला असणारे मात्र साध्या डोळ्यांना दिसत नसत. जिवाणूंना खाऊपिऊ घालणे हे त्यांचे काम.

आणि आमचे जिवाणू खाण्याच्या बाबतीत कमालीचे नाजूक. माणसाच्या जठरात, जिथल्या आम्लात दुसरे काही सहसा टिकत नाही, तिथे आयुष्यभर नांदणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी काचेच्या प्लेटवर आणला की रुसून बसतो. त्याला रक्त लागते, ओल लागते, प्राणवायू नेहमीपेक्षा कमी लागतो. आचारी समुद्री शेवाळापासून काढलेली पूड पाण्यात शिजवून तिची पातळ खळ करत, ती निवत आली की तीत घोड्याचे रक्त मिसळत आणि गोठण्यापूर्वी प्लेटांत ओतत. रक्त लवकर घातले तर करपून तपकिरी होते, उशिरा घातले तर गुठळ्या धरतात. हा मधला क्षण सापडावा म्हणून बाईंनी थर्मामीटर आणून दिला होता. तो खिळ्याला लटकत असे आणि आचारी भांडे गालाला लावून बघत.

“आचारी, तो थर्मामीटर शोभेला नाहीये,” बाई दारातून म्हणत.

“बाई, पोराला दूध किती गरम चालतं ते त्याला काय कळतंय?”

“आणि परवा अख्खी खेप गुठळ्या होऊन गेली, ती?”

“परवा गालाला सूज होती माझ्या. दाढ दुखत होती.”

बाई हसू दाबून निघून जात. मी तिथे पीएच.डी.साठी रुजू झाले त्या दिवशीच आचाऱ्यांनी माझे नाव ‘शास्त्रीणबाई’ ठेवले आणि ते मला अखेरपर्यंत चिकटले. त्या वर्षांकडे वळून पाहताना आधी आठवतो तो त्या खोलीचा ओलसर, किंचित लोखंडासारखा वास, आणि माणसे त्याच्या मागून येतात.

ज्या वाणावर मी काम करणार होते, ते वाण आचाऱ्यांच्याच पोटातून आलेले होते. ही हकिगत मी तिथे येण्याच्या आधीची. पण ती इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली की मी तिथे हजर होते असेच मला आता वाटते. पोटाचे व्रण काळजीने आणि तिखटाने होतात, जठरात जंतू राहूच शकत नाहीत, ही समजूत तेव्हा नुकतीच डळमळू लागली होती. बाईंना नमुने हवे होते. रुग्णालयातून आलेले तुकडे प्लेटवर ठेवले तरी काही उगवत नव्हते. आचाऱ्यांच्या पोटाच्या तोंडाशी तरुणपणापासून जळजळ. काडी ओढल्यासारखे होते, असे ते सांगत, आणि पांढऱ्या खडूसारख्या औषधाची बाटली रसायनांच्या फळीवरच ठेवत. एके दिवशी त्यांनी बाईंना सुचवले, “माझंच घ्या की. तेवढंच हे पोट कोणाच्या कामी येईल.”

दुर्बिणीवाल्या डॉक्टरांनी नळी घालून अस्तराचा कणभर तुकडा काढला. तो ज्या प्लेटवर ठेवला ती आचाऱ्यांनीच ओतलेली होती. काही दिवसांनी तिच्यावर दवाचे थेंब पडावेत तसे बारीक, पारदर्शक ठिपके दिसले. “घरच्यांना घरचंच जेवण लागतं,” आचारी म्हणाले. बाईंनी नळीवर क्रमांक लिहिला. आम्ही सगळे त्याला आचाऱ्याचे वाण म्हणत राहिलो. औषध मात्र त्यांना तेव्हा मिळाले नाही. ते व्रण असलेल्यांनाच देत. आचाऱ्यांच्या जठराला नुसती सूज होती आणि ती तर कितीतरी माणसांना असते.

या वाणाच्या अंगी जो गुण होता, तो बाईंनी एकदा चहा पिताना त्यांना समजावून सांगितला. टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने रेघ ओढून त्या म्हणाल्या, “ही जठराची पेशी. तुमचा जिवाणू बाहेरून चिकटतो आणि सुईसारखी नळी आत खुपसतो. तिच्यातून एक प्रथिन आत सोडतो. कॅग-ए म्हणतात त्याला.”

“विष?”

“विष असतं तर सोपं होतं. पेशी मेली असती, तिच्या जागी नवी आली असती. हे आत गेलं की पेशीचीच प्रथिनं त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतात.”

“पेशीचीच?”

“पेशीचीच. आणि एकदा शिक्का बसला की ते आतल्या कारभारात हुकूम सोडायला लागतं. लांब हो म्हटलं की पेशी लांब होते. शेजारणीचा हात सोड म्हटलं की सोडते.”

आचाऱ्यांनी कपातला चहा फिरवत विचार केला. “म्हणजे घरजावई झाला की हा.”

“घरजावईच. वर सासऱ्याची सही करायला शिकलेला.”

प्रत्यक्षात हे सूक्ष्मदर्शकातून दिसे. काचेत वाढवलेल्या जठराच्या पेशी एरवी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या असत. त्यांच्यात आचाऱ्याचे वाण सोडले की काही तासांत त्यांचे आकार बिघडत. अंग बारीक होई आणि एका टोकाला लांब, टोकदार चोच निघे. आचारी दारातून डोकावून विचारत, “काय शास्त्रीणबाई, चोची निघाल्या का?” निघाल्या असे सांगितले की त्यांची छाती फुगे. आपल्या गावच्या पैलवानाने कुस्ती मारल्यासारखा तो आनंद होता, आणि त्यात आम्हाला कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

चोचीपासून कर्करोगापर्यंतचा रस्ता लांब आणि बऱ्याच फाट्यांचा असतो. सूज वर्षानुवर्षे धुमसत राहते. जठराच्या ग्रंथी विरळ होतात. काहींच्या बाबतीत अस्तर आपला स्वभाव सोडून आतड्यासारखे होऊ लागते. आणि त्यांतल्याही थोड्यांत पुढचा, शेवटचा बदल घडतो. बहुसंख्य माणसे हा जिवाणू पोटात घेऊन जगतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. हे सारे मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिले होते. आचाऱ्यांचे वडील पोटाच्याच दुखण्याने गेले होते. ते त्यांनी मला दोनतीनदा सांगितले होते, आणि ते माझ्या प्रबंधात कुठे बसत नव्हते.

माझे पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी चोची कमी निघू लागल्या आणि तिसऱ्या वर्षी निघेनाशा झाल्या. पेशी आपल्या फरशीसारख्या शहाण्या बसून. मी पेशी बदलल्या, पाणी बदलले, इन्क्यूबेटर बदलला. जिवाणू तर कधी नव्हते इतके जोमदार दिसत होते. प्लेटा नुसत्या भरून येत. अखेर बाईंनी जनुकांची तपासणी करवून घेतली. ज्या पट्ट्यात ती सुई घडवण्याच्या सूचना असतात, तो पट्टाच आमच्या वाणातून गळून गेलेला होता.

त्या दुपारी बाई स्वयंपाकघरात आल्या त्या दारात न थांबता थेट आत. मी मागे होते.

“आचारी, फ्रीझरमधून मूळ नळी काढून नवी सुरुवात शेवटची कधी केली होती?”

आमच्याकडचा नियम असा की जिवाणू एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर थोडेच दिवस न्यायचे, मग टाकून द्यायचे आणि गोठवलेल्या मूळ साठ्यातून पुन्हा आरंभ करायचा. आचारी फडक्याला हात पुसत राहिले.

“बर्फातून काढली की निम्मी मरतात, बाई. उरलेली आठवडाभर मान वर करत नाहीत. मी आपली हातावरचीच पुढे नेली.”

“कधीपासून?”

“शास्त्रीणबाई आल्या, त्या सुमारापासून.”

“आणि पुढे न्यायला दर वेळी उचलायचात कोणती?”

“चांगली धष्टपुष्ट दिसेल ती.”

बाईंनी स्टूल ओढले. “सुई बाळगायला खर्च येतो, आचारी. प्लेटवर टोचायला पेशीच नाही, तर ती हवी कशाला? ज्यांनी सुई टाकली ती हलकी झाली, भराभर वाढली, आणि तुम्ही नेमकी तीच निवडत गेलात.”

“म्हणजे लाडानं बिघडली.”

“लाडानं बिघडली.”

“पोरानं मारामाऱ्या सोडल्या तर आईबाप हात जोडतात,” आचारी पुटपुटले. “इथं उलटंच.” कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी उरलेलेही सांगून टाकले: जुन्या नळ्यांतले धड उगवत नव्हते, म्हणून त्या ओतून देऊन त्यांत त्यांनी नवेच भरून ठेवले होते. मूळ वाण फ्रीझरमध्ये कुठेच उरलेले नव्हते.

मग आचाऱ्यांनी आपल्या पोटावर थाप मारली. “मूळ बियाणं शाबूत आहे की, बाई. इथं कोणी लाड केले नाहीत त्याचे.”

त्यावर बाई त्यांच्याकडे अशा पाहू लागल्या की जणू त्या हा माणूस प्रथमच बघत होत्या. “तुमच्या पोटात दुर्बीण शेवटची कधी घातली होती?”

“तुम्ही घालायला लावलीत, तीच.”

मधल्या काळात शास्त्र पुढे गेले होते. सुईवाले वाण ज्यांच्या पोटात असते त्यांना धोका अधिक, घरात कोणाला हा कर्करोग झालेला असेल तर आणखी अधिक, आणि अशांना व्रण असो वा नसो औषध द्यावे, हे आम्ही व्याख्यानांतून सांगत होतो. बाई म्हणाल्या, “उद्याच डॉक्टरांकडे जा. वाणाचं राहू द्या. मी दुसऱ्या कोणाकडून घेईन.”

दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांच्या आधी वहिनी आल्या, म्हणजे त्यांची पत्नी. त्या घरी शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत. बोटाला लावलेली टोपी काढायला विसरून तशाच आल्या होत्या. आचारी मागून धापा टाकत पोचले.

“तुम्ही ह्यांच्या जंतूंवर इतकी वर्षं काम करताय,” वहिनी बाईंना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “रोज काचेतल्या पेशी बघता. चोची निघाल्या की ह्यांना सांगता, हे घरी येऊन मला सांगतात. ह्यांच्या आतल्या पेशींना काय निघालंय, ते कोणी बघितलं?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नाही बघितलं,” त्या म्हणाल्या.

“अगं, बाईंना काय बोलतेस—”

“तुम्ही गप्प बसा. घरी तुम्हाला अंघोळीचं पाणी तापवता येत नाही आणि इथं घोड्याचं रक्त गालाला लावून बघता.”

आचारी गप्प बसले. पण औषधाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हट्ट धरला: आधी तुकडा, मग गोळ्या. गोळ्यांनी जंतू मेले की वाण संपले. ते आपल्या हातून बिघडले आहे, तेव्हा भरूनही आपणच देणार. दुर्बीण तशीही घालायचीच होती. अडचण एवढीच होती की प्लेटवर जंतू उगवायला हवे असतील, तर आचारी रोज घेत असलेली आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागे. आणि त्या गोळीशिवाय आचाऱ्यांना अलीकडे सरळ उभेही राहवत नसे.

“दोन आठवडे,” वहिनी म्हणाल्या. “वर एक दिवस नाही. आणि आत वाईट काही निघालं, तर तुमचं वाण आणि तुमची बाई, दोघांना मी बघून घेईन.”

“तुमची बाई बसलीये इथं समोर,” बाई म्हणाल्या.

“ऐकू यावं म्हणूनच म्हटलं.”

ते दोन आठवडे मला स्पष्ट आठवतात. आचारी कामावर येत होते. दुखू लागले की गार पाण्याचे भांडे पोटाशी धरून खिडकीजवळ वाकून उभे राहत. वहिनींनी दिलेल्या डब्यातले ते दिवसभर दोन दोन घास खात. त्यांच्याशी बोलायला मी विषय शोधत असे, आणि जो सापडे तो नेमका पोटाचाच निघे.

डॉक्टरांनी जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून तुकडे काढले. काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, काही आमच्या प्लेटांसाठी. त्या प्लेटा ओतताना आचाऱ्यांनी थर्मामीटर खिळ्यावरून उतरवला आणि भांड्यात बुडवला. बाईंनी ते दारातून पाहिले.

प्लेटा कमी प्राणवायूत ठेवण्याची बरणी उघडली त्या सकाळी आम्ही तिघेही होतो. वरच्या भागाच्या प्लेटांवर मोजके, बारीक ठिपके दिसत होते. खालच्या भागाच्या प्लेटा स्वच्छ होत्या, लाल, गुळगुळीत, जशा ओतल्या होत्या तशाच. मी ठिपक्यांकडे बघून हरखले. आचाऱ्यांचे लक्ष रिकाम्या प्लेटांकडे होते.

“माझंच चुकलं. रक्त जास्त तापलं असेल ह्यांत.”

“दोन्ही एकाच भांड्यातून ओतल्यात ना?” बाईंनी विचारले.

“एकाच.”

“मग प्लेटा चांगल्या आहेत.”

“म्हणजे खाली जंतूच नाहीत? बरं झालं की. आपणहून गेले.”

बाईंनी एक रिकामी प्लेट स्वतःकडे ओढली. मलाही ते तेव्हा कळले, त्यांचा चेहरा पाहून. माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते होते. हा जिवाणू फक्त जठराच्या अस्तरावरच बिऱ्हाड करतो. अस्तर आतड्यासारखे झाले की त्याला तिथे धरायला काही उरत नाही.

“आचारी,” बाई म्हणाल्या, “ते गेलेत, कारण तिथे आता जठर राहिलेलं नाही.”

आचाऱ्यांनी ती रिकामी प्लेट उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि झाकण लावून हळूच खाली ठेवली. “हिला सांगताना तुम्ही बरोबर या,” एवढेच ते म्हणाले.

चार दिवसांनी अहवाल आला. खालच्या भागातले बरेच अस्तर आतड्यासारखे बदललेले, कर्करोग नाही, एका जागी पेशींची रचना जरा विस्कटलेली, तिच्यावर लक्ष ठेवावे. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. त्या संपल्या आणि काही आठवड्यांनी तपासले, तेव्हा जंतू पूर्ण गेलेले होते. तरुणपणानंतर प्रथमच आचाऱ्यांचे पोट दुखत नव्हते, आणि त्याची त्यांना सवय होईना. “घरात कोणी नसल्यासारखं वाटतं,” ते सांगत. वरच्या भागातून मिळालेल्या वाणाने माझ्या पेशींना पुन्हा चोची काढल्या. मी धावत सांगायला गेले नाही. तेच विचारायला आले, आणि मी होय म्हटल्यावर नुसती मान हलवून परत गेले. लाडावलेल्या प्लेटा त्यांनी स्वतःच्या हाताने ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. नव्या वाणाच्या नळ्या भरून आम्ही त्या दोन वेगळ्या फ्रीझरांत ठेवल्या. आज त्यातल्या काही दूरदूरच्या देशांत आहेत, आणि तिथल्या कोणाला आचारी ठाऊक नाहीत.

जिवाणू गेला म्हणून त्याने केलेले सगळे उलटत नाही. वर्षानुवर्षांच्या सुजेने पेशींच्या जनुकांवर ज्या रासायनिक खुणा बसतात, त्यांतल्या बऱ्याच पुढेही राहतात. कुठले जनुक उघडे राहायचे आणि कुठले मिटायचे, ते त्या ठरवतात. म्हणून आचाऱ्यांना दर वर्षी दुर्बिणीसाठी जावे लागे. वहिनी बरोबर जात, आणि प्रबंध झाल्यावरही मी जात राहिले. “तसंच आहे,” डॉक्टर म्हणत आणि वर्ष पुढे सरके. आचारी निवृत्त झाले. बाईही झाल्या. स्वयंपाकघरात तयार प्लेटांची खोकी येऊ लागली आणि त्या खोलीत एक मोठे यंत्र आणून बसवण्यात आले.

मग एका वर्षी डॉक्टर तसे म्हणाले नाहीत. विस्कटलेल्या जागी अस्तर किंचित वर आले होते. त्यांनी ते नळीतूनच, भोवतालच्या कडेसकट सोलून काढले आणि तपासायला पाठवले. अहवाल घ्यायला आम्ही तिघे गेलो. रुग्णालयाच्या मधल्या बोळात लांब बाक होते आणि डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले.

“कर्करोग होता. अगदी वरच्या थरात. पूर्ण निघालाय, कडा स्वच्छ आहेत.”

“होता,” वहिनी म्हणाल्या.

“होता. दर वर्षी बघत होतो म्हणून एवढ्यातच सापडला. आता सहा महिन्यांनी या.”

डॉक्टर गेले. आचाऱ्यांनी मोठा श्वास सोडला. “चला, भूक लागली मला. समोर काहीतरी मिळेल. घरी जाईपर्यंत काही थांबवत नाही.”

वहिनी बाकावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडू लागल्या. त्यांना असे रडताना मी कधी पाहिले नव्हते. आचाऱ्यांनीही बहुधा नसावे. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मग खाली पडलेली त्यांची पिशवी उचलून, ती दोन्ही हातांत धरून, वहिनी उठेपर्यंत शेजारी उभे राहिले.